ट्रेनिंग दिलं, तरी माणूस का गेला?

राजीनाम्याच्या फॉर्मवर 'कारण' असा एक रकाना असतो. बहुतेक जण त्यात 'बेटर ऑपॉर्च्युनिटी' लिहून मोकळे होतात आणि एचआर विभाग त्याचा अर्थ 'पगार' असा लावून फाइल बंद करतो. अर्थ अगदीच चुकीचा नसतो. नव्या ठिकाणी दोन-चार हजार जास्त मिळालेले असतातच. पण त्या माणसाने मुळात बाहेर बघायला सुरुवात कधी आणि का केली, हे त्या रकान्यात येत नाही. ती सुरुवात बरीच आधी झालेली असते आणि लक्ष दिलं तर दिसतेही. मशीनचा आवाज बदलला तरी तो कुणाला सांगत नाही. कायझेनच्या (कामातल्या छोट्या सुधारणा सुचवण्याच्या) पेटीत चिठ्ठी टाकणं थांबतं. शिफ्ट संपल्यावर पुढच्या माणसाला पाच मिनिटं थांबून माहिती देणं थांबतं. हजेरी पूर्ण असते, उत्पादनाचा आकडाही भरतो, पण कामावरचं मन उडालेलं असतं.

एचआरच्या भाषेत याला एंगेजमेंट कमी होणं म्हणतात. त्यावर ठरलेला उपाय म्हणजे ट्रेनिंग. वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लागतं, माणशी इतके तास असं लक्ष्य ठरतं, सर्टिफिकेटांसोबत फोटो निघतात. आणि सहा महिन्यांनी ट्रेनिंग घेतलेल्यांपैकीच चार जण जातात. याचं कारण साधं आहे. करिअर घडवणं आणि ट्रेनिंग देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी पहिलीशिवाय केली तर उलटी पडते.

मन कामात आहे, हे कळतं कशावरून

आधी एक गल्लत दूर करू. समाधान म्हणजे एंगेजमेंट नव्हे. कँटीन चांगलं आहे, बस वेळेवर येते, साहेब आरडाओरडा करत नाहीत, म्हणून खूश असलेला माणूस कामात पूर्ण कोरडा असू शकतो. अमेरिकी संशोधक विल्यम कान यांनी १९९० मध्ये एका उन्हाळी शिबिराचे मार्गदर्शक आणि एका आर्किटेक्चर फर्ममधली माणसं यांचा जवळून अभ्यास केला. माणूस स्वतःला कामात कधी ओततो, याच्या तीन अटी त्यांनी मांडल्या. कामाला अर्थ वाटला पाहिजे, मोकळेपणाने वागलं-बोललं तर ते अंगाशी येणार नाही असा भरवसा हवा आणि तेवढी ताकद अंगात उरलेली हवी. पुढे नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या संशोधकांनी यासाठी प्रश्नावली बनवली. तिच्यात उमेद, झोकून देणं आणि तल्लीनता अशा तीन गोष्टी मोजतात.

कंपन्यांत जास्त चालते ती गॅलप या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेची १२ प्रश्नांची पाहणी. त्या १२ पैकी तीन प्रश्न थेट प्रगतीबद्दल आहेत: माझ्या वाढीला इथे कुणी उत्तेजन देतं का, गेल्या सहा महिन्यांत माझ्या प्रगतीबद्दल कुणी माझ्याशी बोललं का, आणि गेल्या वर्षभरात मला शिकायची-वाढायची संधी मिळाली का. पहिल्या दोन प्रश्नांत 'कुणी' हा शब्द आहे, 'कंपनीने' असा नाही. म्हणजे त्यांचं उत्तर सुपरवायझर, लाइन लीडर किंवा टीम लीडच्या हातात असतं. एचआरने कितीही पोर्टल उघडली तरी हे दोन आकडे तेवढ्याने हलत नाहीत.

ट्रेनिंग उलटं कसं पडतं

मारिया क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे फार स्वच्छ दिसतं. कंपनी विकासासाठी मदत करते आणि आपल्याला हवी तशी पुढची जागा याच कंपनीत आहे असंही वाटतं, अशा लोकांचं काम सुधारलं आणि नोकरी सोडणं कमी झालं. मात्र मदत मिळते पण पुढची जागा इथे दिसत नाही, अशांच्या बाबतीत तीच मदत नोकरी सोडण्याचं प्रमाण वाढवताना दिसली. त्याआधी २००४ मध्ये जॉर्ज बेन्सन व सहकाऱ्यांनी, कंपनीच्या पैशाने पुढचं शिक्षण घेणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला होता. शिक्षण चालू असेपर्यंत माणसं टिकली. वरची पदवी हातात पडल्यावर नोकरी सोडण्याचं प्रमाण वाढलं, पण ज्यांना पदवीनंतर बढती मिळाली त्यांच्यात ते घटलं.

यामागचं गणित सरळ आहे. ट्रेनिंगने दोन गोष्टी वाढतात: माणसाची बाजारातली किंमत आणि त्याची अपेक्षा. जागा, काम आणि पगार तिथेच राहिले तर ट्रेनिंगच्या आधी जेवढी नाराजी होती त्यापेक्षा नंतर जास्त होते. एखाद्याला पाच दिवसांच्या कॅम प्रोग्रॅमिंगच्या (कॉम्प्युटरवर मशीनचा प्रोग्रॅम बनवण्याच्या) कोर्सला पाठवतात. परत आल्यावर तो त्याच मशीनवर, त्याच शिफ्टला. सॉफ्टवेअर ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर, आणि तो प्रोग्रॅमरच्या टेबलावर. दोन-तीन महिन्यांत शिकलेलं अर्धं विसरतं. नोकरीच्या साइटवरच्या प्रोफाइलमध्ये मात्र त्या कोर्सची ओळ चढलेली असते आणि शिकलेल्याचा उपयोग कुठे होईल ते फोनवरचे कन्सल्टंट सांगू लागतात.

इथे काही मालक उलटा निष्कर्ष काढतात: शिकवूच नका, शिकले की जातात. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ च्या पुस्तकात हा पेच मांडला होता. कुठेही चालणारं कौशल्य आणि त्याच कंपनीत चालणारं कौशल्य वेगळं असतं, आणि पहिल्यासाठी कंपनी सहसा पैसे टाकायला कचरते. व्यवहारात दोन्ही एकत्रच येतात. सेटिंग करणं, म्हणजे नव्या कामासाठी मशीन जुळवून देणं, कुठेही चालतं. पण तुमच्या फिक्स्चरची (जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनाची) खोड, तुमच्या ग्राहकाच्या ड्रॉइंगमधली नेहमी चुकणारी मिती, तुमच्या जुन्या मशीनचा सकाळी थंड असतानाचा फरक, हे फक्त तुमच्याकडे काम करून येतं. न शिकवता ठेवलेला माणूस यातलं काहीच शिकत नाही, आणि असा माणूस टिकला तरी त्याचा फायदा काय, हा प्रश्न उरतोच.

एका मशीन शॉपचा हिशोब

भोसरी किंवा चाकणला असतो तसा, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना डोळ्यांसमोर आणा. आकडे उदाहरणादाखल घेऊ. ६० ऑपरेटर, ८ सेटर (मशीनचं सेटिंग करणारे), ३ सुपरवायझर, १ प्रॉडक्शन मॅनेजर. शिवाय क्वालिटी, मेंटेनन्स, टूल रूम, स्टोअर, डिस्पॅच. वर्षाला सेटरच्या दोन जागा रिकाम्या होतात असं धरू. म्हणजे ६० जणांत दोन. 'मेहनत कर, सेटर होशील' हे वाक्य ३० जणांमागे एकाच्याच बाबतीत त्या वर्षी खरं ठरणार. हे गणित ऑपरेटरला कुणी शिकवावं लागत नाही. कँटीनच्या टेबलावर पहिल्या वर्षातच ते सुटतं.

म्हणून फक्त बढतीच्या शिडीवर भिस्त ठेवून चालत नाही. ऑपरेटरच्या कामातच पायऱ्या पाडाव्या लागतात. व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) त्या साधारण अशा पडतात. पहिल्या पातळीचा माणूस जॉब फिक्स्चरमध्ये नीट बसवतो, चिप साफ करतो, सायकल स्टार्ट देतो, प्लग गेजने तपासतो. दुसऱ्या पातळीचा मायक्रोमीटर आणि बोअर गेजचं रीडिंग विश्वासाने घेतो, शीटवर नोंदवतो आणि ठरवून दिलेल्या मर्यादेत वेअर ऑफसेट (टूल झिजल्याची दुरुस्ती) देतो. तिसऱ्या पातळीचा इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलतो, टूल लेंग्थ ऑफसेट घेतो म्हणजे टूलची लांबी मशीनला देतो, बदलानंतरचा पहिला पीस स्वतः तपासून पुढे जातो. चौथ्याला पूर्ण सेटिंग येतं. तो फिक्स्चर चढवून डायल लावतो, वर्क ऑफसेट (जॉबची जागा) घेतो, पहिला पीस क्वालिटीकडून पास करून आणतो, आणि दुसऱ्याला हे सगळं शिकवतो.

बऱ्याच कारखान्यांत हे भिंतीवर असतंच. स्किल मॅट्रिक्स म्हणून चार भाग केलेल्या गोलांचा एक तक्ता लावलेला असतो. जितकं येतं तितके भाग काळे. दुर्दैवाने अनेक ठिकाणी ते गोल आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगातल्या गुणवत्ता मानकाच्या ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी, एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरले जातात. ऑपरेटर ते बघत असतो. आपला गोल परीक्षा न घेता भरला हे त्याला कळतं, आणि तो भरूनही पगारात काही फरक पडला नाही हेही.

तक्ता खरा करायचा तर तीन गोष्टी लागतात. पहिली, परीक्षा. उदाहरणार्थ तिसऱ्या पातळीसाठी: इन्सर्ट बदलून सलग तीन वेळा पहिला पीस टॉलरन्समध्ये आला पाहिजे, तोही ठरलेल्या वेळेत. बघायला एक सेटर दुसऱ्या शिफ्टचा आणि एक क्वालिटीचा. तारीख आणि दोन सह्या. दुसरी, पैसे. पातळी पास झाली की वाढ पुढच्याच पगारात द्यावी, एप्रिलची वाट बघू नये. तिसरी, पुन्हा परीक्षेचा हक्क. नापास झालेल्याला नेमकं काय चुकलं ते लिहून द्यायचं आणि सहा-आठ आठवड्यांनी परत बसू द्यायचं.

याचा खर्च किती? एका पातळीला महिन्याला ₹७०० धरले आणि पहिल्या वर्षी सगळे ६० जण एक-एक पायरी चढले, तर महिन्याला ₹४२,०००, वर्षाला सुमारे ₹५ लाख. आता दुसरी बाजू. एक ऑपरेटर गेला की नवा माणूस हातात येईपर्यंत समजा दीड महिना मशीनमधून ३० टक्के काम कमी निघतं. मशीनचा तासाचा दर ₹४५०, आठ तास, महिन्याचे २५ दिवस. म्हणजे जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे ₹४०,५००, आणि यात रिजेक्शन, तुटलेली टूलं, सुपरवायझरचा वेळ धरलेला नाही. वर्षाला १२-१३ राजीनामे वाचले की पाच लाख निघाले. तुमचे आकडे वेगळे असतील, पण मांडणी हीच. एक खबरदारी: पायऱ्या चढतील तसा खर्च दरवर्षी वाढतो. सगळे चौथ्या पातळीवर पोचले तर तो महिन्याला ₹१,२६,००० होईल. रक्कम ठरवण्याआधी हा शेवटचा आकडा काढावा. दोन वर्षांनी 'आता परवडत नाही' म्हणून पायरी बंद केली तर सुरूच केली नसती तर बरं, असं होतं. युनियन असेल तर ही पायऱ्यांची योजना वेतन कराराच्या बोलणीतच घेतलेली बरी. बाहेरून चिकटवलेली योजना पुढच्या करारात वादाचं मूळ ठरते.

आता सगळ्यात जास्त अडतं ती जागा. सेटर शिकवत नाही.

यात त्याचा स्वभाव फारसा येत नाही. त्याला जे येतं ते दुसऱ्या कुणाला येत नाही, ही त्याची नोकरीची हमी आहे. ओव्हरटाइमही त्याच्यावरच अवलंबून आहे. तो शिकवेल कशाला? ऑपरेटरने विचारलं की तो 'बघ आणि शिक' म्हणतो आणि ऑफसेटच्या स्क्रीनसमोर पाठ करून उभा राहतो. यावर भाषण चालत नाही, व्यवस्था चालते. आठवड्याला दोन तास त्याच्या टार्गेटमधून वजा करून शिकवण्यासाठी द्यायचे. शिकवलेला माणूस परीक्षा पास झाला की सेटरलाही ठरलेली रक्कम द्यायची. आणि मुख्य म्हणजे सेटरचा स्वतःचा रस्ता मोकळा करायचा: प्रोग्रॅमिंग, टूल रूम, प्रोसेस इंजिनिअरिंग, नव्या पार्टचं डेव्हलपमेंट. वरचा माणूस सरकला तरच खालच्याला जागा होते. कारखान्यात एंगेजमेंटचं काम ऑपरेटरपासून सुरू करतात. ते सेटरपासून सुरू करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरी भिंत आयटीआय आणि डिप्लोमाच्या मधली. अनेक ठिकाणी आयटीआयवाला 'वर्कर' आणि डिप्लोमावाला 'स्टाफ', आणि एकाचा दुसरा होत नाही. ज्यांना ही भिंत ओलांडायची आहे त्यांच्यासाठी अर्धवेळ डिप्लोमा, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम असे मार्ग आहेत. कंपनी परवानगी देते, कधी अर्धी फीसुद्धा देते, आणि शिफ्ट मात्र फिरतीच ठेवते. दर आठवड्याला बदलणाऱ्या शिफ्टमध्ये संध्याकाळचा वर्ग टिकत नाही. दुसऱ्या सत्रात मुलगा शिक्षण सोडतो आणि ठपका त्याच्यावर येतो. फी देण्यापेक्षा वर्गाच्या दिवसांपुरती पहिली शिफ्ट पक्की करणं स्वस्त आणि जास्त उपयोगी आहे.

अप्रेंटिसचंही बोललं पाहिजे. ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ही मुलं वर्षभर राबतात आणि आपल्याला ठेवणार की नाही हे त्यांना बहुतेकदा शेवटच्या आठवड्यात कळतं. निकष पहिल्या महिन्यात सांगा, निर्णय नवव्या महिन्यात सांगा. ज्यांना ठेवणार नाही त्यांना उरलेल्या तीन महिन्यांत बाहेर उपयोगी पडेल असं एखादं काम हातात द्या. अशाने ती मुलं शेवटच्या दिवसापर्यंत कामात राहतात. कंत्राटी कामगारांचा प्रश्न याहून अवघड आहे. फ्लोअरवरची बरीच माणसं कंत्राटदाराची असतात आणि एंगेजमेंटच्या पाहणीत ती मोजलीच जात नाहीत. मग आकडा छान येतो.

ऑफिसात आणि आयटीत

इथे शिड्या भरपूर असतात, इतक्या की त्यांची किंमत उरत नाही. असोसिएट, सीनियर असोसिएट, लीड, सीनियर लीड. कार्डवरचं पद बदलतं, सोमवारी सकाळचं काम तेच. पहिल्यांदा माणूस पेढे वाटतो, दुसऱ्यांदा वाटत नाही. पद बदलताना तीनपैकी किमान एक गोष्ट बदलली पाहिजे: निर्णयाचा अधिकार, कामाची अवघड पातळी किंवा कुणाची तरी जबाबदारी. तिन्ही तशाच असतील तर ती बढती नाही, इन्क्रिमेंट टाळायचा मार्ग आहे, आणि लोक ते ओळखतात.

दुसरी चूक म्हणजे उत्तम काम करणाऱ्याला मॅनेजर करणं. बेन्सन (वर आलेले नव्हेत, दुसरे), ली आणि शू या तिघांनी २०१९ मध्ये शंभराहून अधिक अमेरिकी कंपन्यांतल्या विक्री कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. विक्रीत पुढे असलेल्यांना बढती जास्त मिळत होती, पण मॅनेजर म्हणून त्यांच्या हाताखालच्या टीमची कामगिरी मात्र तुलनेने घसरत होती. एका निर्णयात दोन नुकसानं: चांगला विक्रेता गेला आणि टीमला कच्चा साहेब मिळाला. यावर तांत्रिक कामाची स्वतंत्र शिडी हा जुना उपाय आहे. तो फसतो तेव्हा एकाच कारणाने फसतो: तांत्रिक शिडीचे पगार वरच्या टोकाला मॅनेजरच्या पगाराइतके जात नाहीत, आणि मग ती शिडी म्हणजे मॅनेजर न होऊ शकलेल्यांची बाकडी ठरते. आर्किटेक्टचा पगार डिलिव्हरी मॅनेजरच्या तोडीचा आहे का, एवढं तपासलं की शिडी खरी की खोटी ते कळतं.

तिसरी गोष्ट सहसा कुणी मोठ्याने बोलत नाही. चांगल्या माणसाला साहेबच पुढे जाऊ देत नाही. प्रोजेक्ट अडेल, क्लायंट बोंबलेल, म्हणून त्याला दुसऱ्या टीममधल्या जागेबद्दल सांगतच नाही किंवा 'हे रिलीज होऊ दे' म्हणून थांबवतो. इंग्रिड हेगेले यांनी एका मोठ्या जर्मन उत्पादक कंपनीत हे तपासलं. मॅनेजर स्वतः दुसरीकडे जाणार असताना, म्हणजे माणसं धरून ठेवण्यात त्याचा स्वार्थ उरला नसताना, हाताखालच्यांचे बढतीसाठीचे अर्ज दुपटीहून जास्त झाले. माणसं तीच, जागाही होत्याच; फक्त दार धरून उभा असलेला बाजूला झाला. त्यामुळे नियमच असावा: आतल्या जागेवर निवड झालेल्या माणसाला जुन्या मॅनेजरने ठराविक मुदतीत, समजा ६० दिवसांत, सोडलंच पाहिजे. आणि मॅनेजरच्या स्वतःच्या अप्रेझलमध्ये 'तुझ्या टीममधून किती जण पुढे गेले' हा प्रश्न असावा.

बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेनंतर परतलेल्या बाईला त्या वर्षी 'पुरेसं काम दिसलं नाही' म्हणून सरासरी शेरा देणं, ही अशीच करिअर अडवण्याची न बोललेली पद्धत. कामावर असलेल्या महिन्यांवरच शेरा ठरवायचा आणि रजेआधीचं काम परत हातात द्यायचं, एवढं लेखी असलं की पुरतं.

वर्षातून दोनदा, अर्धा-पाऊण तास

अप्रेझलच्याच बैठकीत 'आणि पुढे काय करायचा विचार आहे?' असं शेवटी विचारण्याची प्रथा आहे. समोरच्याच्या डोक्यात तेव्हा टक्केवारी फिरत असते. तो जे उत्तर देईल ते पगाराकडे डोळा ठेवून देईल. जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९६० च्या दशकात झालेल्या अभ्यासातून मायर, के आणि फ्रेंच यांनी १९६५ मध्ये हेच सांगितलं होतं: पगाराचा निवाडा आणि सुधारणेची चर्चा एका बैठकीत करू नका, टीकेने माणूस बचावात जातो आणि शिकायचं राहून जातं. साठ वर्षं झाली, बैठका अजून एकत्रच आहेत.

मार्च-एप्रिलमध्ये अप्रेझल असेल तर ही बैठक ऑगस्ट आणि डिसेंबरात ठेवा. माणसाला आठवडाभर आधी सांगा. कुठली कामं करताना वेळ कळत नाही, कुठलं काम वर्षभरात कमी व्हावंसं वाटतं, दोन वर्षांनी इथे कुठल्या खुर्चीवर किंवा मशीनवर बसायला आवडेल, आणि त्यासाठी आज काय येत नाही, असे चार प्रश्न पुरतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दोघांनी मिळून लिहायचं. मग कोर्स शोधण्याआधी काम शोधायचं: आठ-दहा आठवड्यांचं, खरं, थोडं अवघड. एका ग्राहकाच्या तक्रारीचा पाठपुरावा, एका मशीनचा सेटिंगचा वेळ निम्म्यावर आणणं, एका नव्या मॉड्यूलची चाचणी. शिकण्यातलं ७० टक्के कामातून, २० टक्के माणसांकडून आणि १० टक्के वर्गातून होतं, असं सूत्र सगळीकडे ऐकू येतं. त्याचा उगम मॅनेजरांनी सांगितलेल्या आठवणींत आहे, म्हणून आकडे शब्दशः घेऊ नयेत. पण कामाचा वाटा मोठा असतो, यावर वाद नाही.

या बैठकीत आश्वासन देऊ नये. 'पुढच्या वर्षी तुझं करतो' हे वाक्य साहेब विसरतो, समोरचा विसरत नाही. पुढच्या वर्षी साहेबच बदललेला असतो. 'जागा निघाली तर तू अर्ज करू शकशील, त्यासाठी या दोन गोष्टी लागतील, जागा निघेलच असं सांगता येत नाही' हे ऐकायला कमी गोड आहे, पण यावर माणूस विश्वास ठेवू शकतो. जागा खरोखरच नसेल, छोट्या कंपनीत असं असतंच, तर तेही सांगावं. दोन-तीन वर्षं चांगलं काम करून मोकळेपणाने निघालेला माणूस पुढे ग्राहकाच्या कंपनीत बसलेला भेटतो, कधी परतही येतो.

जागा आधी आत सांगा

कुठलीही जागा बाहेर जाहीर करण्याआधी सात दिवस आत लावावी. बाहेरचा माणूस जास्त ताजा, जास्त हुशार वाटतो. त्याच्या चुका अजून आपल्याला माहीत नसतात, हे त्याचं अर्धं कारण. मॅथ्यू बिडवेल यांनी एका अमेरिकी गुंतवणूक बँकेच्या नोंदी तपासल्या तेव्हा, त्याच पदावर आतून बढती मिळालेल्यांपेक्षा बाहेरून आणलेल्यांना सुमारे १८ टक्के जास्त पगार मिळत होता, आणि पहिली दोन वर्षं त्यांची कामगिरी कमी नोंदली जात होती. एका बँकेचा हा निष्कर्ष सगळीकडे जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण आतल्या माणसाला वर्षाला आठ टक्के आणि त्याच खुर्चीवर बाहेरच्याला तीस टक्के वाढवून, हे चित्र ओळखीचं आहे.

आत अर्ज करून नाकारला गेलेला माणूस सगळ्यात नाजूक असतो. त्याने आपली इच्छा उघड केलेली असते, टीमला ते कळलेलं असतं. त्याला दहा दिवसांत, समोरासमोर, दोन नेमकी कारणं आणि पुढच्या वेळेसाठी काय करायचं ते सांगितलं नाही, तर पुढचा अर्ज तो बाहेर करतो.

बाँडने काय होतं

शिकवून माणूस जाऊ नये म्हणून बाँड लिहून घेतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ खाली नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करायला मनाई करणारी अट सहसा टिकत नाही. ठराविक काळ नोकरी करण्याची अट मात्र वेगळी. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या आत सोडल्यास ₹२ लाख भरण्याची अट वैध ठरवली. पण तिथे सार्वजनिक बँकेला नव्याने भरती करताना येणारा खर्च आणि वेळ हा महत्त्वाचा मुद्दा होता. तीन दिवसांच्या इंडक्शनवर दोन वर्षांचा बाँड लिहून घेणाऱ्यांनी त्या निकालात आपला आधार शोधू नये. बाँड ठेवायचाच तर खर्चाच्या पावत्या जपून, महिन्यागणिक रक्कम कमी होत जाणारा ठेवा. शिवाय बाँडने माणूस खुर्चीत राहतो, मन राहीलच असं नाही. मन उडालेला माणूस अठरा महिने कारखान्यात बसवून ठेवणं रिजेक्शनच्या रूपात महाग पडतं.

काय मोजायचं

ट्रेनिंगचे माणशी तास मोजणं सोपं म्हणून सगळे मोजतात, त्यातून फारसं काही कळत नाही. त्याऐवजी वर्षात भरलेल्या जागांपैकी किती आतून भरल्या हे बघा. एकाच पातळीवर तीन वर्षांहून जास्त काळ असलेले किती, आणि ते कुणाच्या हाताखाली आहेत, हे बघा. नावं दोन-तीन सुपरवायझरांभोवतीच जमलेली दिसतील. एंगेजमेंटच्या पाहणीतले प्रगतीचे प्रश्न कंपनीच्या सरासरीत बघू नका, टीमनिहाय बघा. मात्र पाच-सहापेक्षा कमी माणसांच्या टीमचा आकडा वेगळा काढू नका; कुणी काय लिहिलं ते ओळखू येतं आणि पुढच्या वर्षी सगळे 'छान' लिहितात. आणि ज्यांना वर्षभरात मोठं ट्रेनिंग दिलं त्यांची यादी करून, ट्रेनिंगनंतर १२ महिन्यांत कुणाचं काम बदललं, कुणाचा पगार बदलला, कोण गेलं, असे तीन रकाने भरा. जाणारे बहुतेक पहिल्या दोन रकान्यांत 'नाही' असलेलेच निघाले, तर पुढच्या वर्षीचं ट्रेनिंगचं बजेट मंजूर करण्याआधी आधीच शिकलेल्यांना काम काय द्यायचं याची बैठक लावा.